आठाचा खिळा

नारायण पेठ, पुणे
रविवार सकाळ

चि. रेवा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, की वर्गात एखाद्या मुलाने मध्येच हात वर करून “असं का?” विचारलं की पोटात गोळा येतो. शिकवायला लागून सहा महिने झाले तरी येतो. मी आपलं “होईल सवय” म्हटलं आणि फोन आईकडे दिला. रात्री झोप लागेना. कारण “असं का?” हे शब्द तुझ्या तोंडून मी फार पूर्वी ऐकले होते, आणि तेव्हाही असंच काहीतरी बोलून मी मोकळा झालो होतो. तुला तो दिवस आठवतो का? मला पुरता आठवतो.

मे महिना होता. चौथीची परीक्षा संपवून तू रोज माझ्याबरोबर छापखान्यात यायचीस. लग्नसराई म्हणजे पत्रिकांची घाई, मालक सारखे डोक्यावर उभे, गिऱ्हाईक बाकावर बसून प्रुफाची वाट बघतंय. माझ्या केसशेजारी, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीशेजारी, स्टुलावर तुला बसवून एक रिकामी स्टिक, म्हणजे खिळे ओळीत जुळवायची पट्टी, आणि आकड्यांचे जुने, कडा झिजलेले खिळे, म्हणजे छपाईचे शिशाचे ठसे, दिले होते. शिसं हाताला लागतं म्हणून घरी गेल्यावर आई तुझे हात दोन-दोनदा धुवायची. प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर तू गुणाकार करायचीस आणि उत्तर स्टिकमध्ये लावायचीस. ११ गुणिले ११, १२१. १११ गुणिले १११, १२३२१. ११११ गुणिले ११११, १२३४३२१. असा एकेक एक वाढवत तू नऊ एकांपर्यंत पोचलीस, तोवर जेवणाची सुटी झाली होती. स्टिकमध्ये ही ओळ होती :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा खिळे. एक ते आठ प्रत्येकी दोन, नवाचा एकच, शून्याचा एकही नाही. आम्हा जुळाऱ्यांना ओळ उलटी वाचायची सवय असते, कारण खिळ्यावर अक्षर उलटं असतं. ही ओळ कुठूनही वाचली तरी तीच. तुला इतका आनंद झाला होता की मशिनवरचे काका काम थांबवून बघायला आले.

मग दहा एक. गुणाकार करायच्या आधीच तू उत्तर लावून ठेवलंस : १२३४५६७८९१०९८७६५४३२१. नवानंतर दहा, मग परत उतरायचं. नंतर कागदावर गुणाकार केलास तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. पुन्हा केलास. तिसऱ्यांदा केलास. तिन्ही वेळा तेच. कागद माझ्यासमोर धरून तू विचारलंस, “बाबा, चढतानाचा आठ कुठे गेला? आणि मधेच दोन शून्यं कुठून आली? असं का?”

मी मान वर न करता म्हणालो, “मोठ्या संख्यांमध्ये असं होतं. तुझी ओळ चुकली आहे, खिळे केसमध्ये टाक.”

तू टाकलेस. एकेक करून, प्रत्येक ज्याच्या त्याच्या खणात. आठाचा एक खिळा तेवढा मुठीत ठेवलास, तो मी पाहिला आणि काही बोललो नाही. पुढे कितीतरी दिवस तो तुझ्या कंपासपेटीत दिसायचा. गणिताबद्दल मात्र तू मला परत कधी काही विचारलं नाहीस.

रेवा, तेव्हा मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायचं सोडून मी तुझी ओळ चूक ठरवली. तुझी ओळ चूक नव्हती, आणि हे मला आज, या वयात, जेवणाच्या टेबलावर खिळे मांडल्यावर कळलं. छापखाना बंद झाला तेव्हा सगळी केस भंगारात किलोवर गेली. आकड्यांचे खिळे मी मागून घेतले होते. कशासाठी ते तेव्हा माहीत नव्हतं.

आता उत्तर.

१११११११११ ला १११११११११ ने गुणायचं म्हणजे आपण काय करतो? तीच ओळ नऊ वेळा लिहितो, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मी तेच केलं. एकाचे नऊ खिळे एका ओळीत, खाली पुन्हा नऊ, पण एक घर डावीकडे, अशा नऊ ओळी. एकूण ८१ खिळे, तिरके मांडलेले. आता वरून खाली मोज. उजव्या टोकाच्या घरात एकच खिळा. त्याच्या डावीकडे दोन, मग तीन, मग चार. मधल्या घरावर नऊच्या नऊ ओळी येतात, म्हणून तिथे नऊ. तिथून पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा आणि डाव्या टोकाला परत एक. तुझी ती संख्या म्हणजे या घरांमधली मोजणी आहे, दुसरं काही नाही. एकाही घरात नवापेक्षा जास्त खिळे नाहीत, म्हणून कुठेही हातचा घ्यावा लागत नाही, आणि म्हणूनच ती इतकी नितळ दिसते.

तिच्या अंकांची बेरीज कर. ८१ येते. तीही आपोआप, टेबलावर मांडलेले ८१ खिळेच ते.

आता दहा ओळी, प्रत्येकीत दहा खिळे. शंभर. घरं एकोणीस झाली, आणि मोजणी अशी : १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १. ही सलग लिहून काढ. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ओळखलीस ना? गुणाकार करायच्या आधी तू स्टिकमध्ये लावलेली ओळ हीच. दहा वर्षांच्या मुलीने आडाख्याने ती बरोबर लावली होती. फक्त मधल्या एका घरात दहा खिळे बसले होते, आणि एका घरात दहा बसवायची आपल्या लिहिण्यात सोय नाही.

तेव्हा ते दहाही उचलायचे. घर रिकामं, म्हणजे शून्य. त्यांच्या बदल्यात डावीकडच्या घरात एक खिळा ठेवायचा. त्या घरात आधीच नऊ होते, तिथे दहा झाले. तेही उचलले. आणखी एक शून्य, आणि त्याच्या डावीकडच्या घरात एक. त्या घरात आठ होते. त्यांचे नऊ झाले, आणि तिथे थांबलं.

आठ कुठे गेला विचारत होतीस. आठ तिथेच आहे. त्याला हातचा एक मिळाला आणि तो नऊ झाला. जो नऊ होता तो शून्य झाला, जे दहा होते तेही शून्य. तुझी दोन शून्यं ती. सातापासून खाली कोणाला धक्का लागला नाही, आणि उजवीकडच्या नवापासून एकापर्यंतच्या उतरणीलाही नाही, कारण हातचा नेहमी डावीकडे जातो.

हे करताना माझ्या मुठीत खिळे उरत होते. प्रत्येक हातच्याला दहा उचलले, एक ठेवला, नऊ मुठीत. दोन हातचे झाले, अठरा खिळे. शंभरातून अठरा वजा, ब्याऐंशी. आता नव्या संख्येच्या अंकांची बेरीज कर : १ ते ७ अठ्ठावीस, त्यात नऊ मिळवून सदतीस, शून्यं सोड, मग ९ ते १ पंचेचाळीस. ब्याऐंशी! मुठीतले अठरा खिळे बघत मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. आम्हाला शाळेत मास्तर प्रत्येक गुणाकाराचा नवाचा ताळा घ्यायला लावायचे. अंकांची बेरीज करा, नऊ टाकून द्या, उरेल ते जुळवा. का जुळतं, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. कोणतीही संख्या घे, तिच्याएवढे खिळे एककाच्या घरात ढीग करून ठेव आणि हातचे घेत घेत डावीकडे जा. प्रत्येक हातच्याला नेमके नऊ खिळे बाहेर पडतात, ना कमी ना जास्त. म्हणून शेवटी घरांत उरलेले खिळे, म्हणजे अंकांची बेरीज, आणि मूळ संख्या, यांत नवाच्या पटीचाच फरक असतो. आयुष्यभर पगाराचा हिशेब या ताळ्याने तपासला, आणि तो का चालतो ते आता कळलं.

तुझ्या मुलांना हे करायला लाव. फळ्यावर सांगून नाही, हातांनी.

नऊ एकांची ती संख्या किती मोठी, तेही सांगतो, कारण मुलं ते विचारतीलच. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१. सेकंदाला एक या गतीने न झोपता मोजत बसलं तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतात. पर्वतीचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. म्हणजे तो लाव्हा वाहण्याच्या कितीतरी आधी कोणी मोजायला बसला असता तरच आज मोजणी संपली असती. शेजारच्या मुलाने संगणकातल्या हिशेबाच्या तक्त्यात ही संख्या टाइप करून दाखवली, तर शेवटी ३२१ च्या जागी ३०० दिसायला लागलं. तो पंधराच अंक सांभाळतो, म्हणाला. दोन खिळे चुकीचे असलेलं प्रूफ मी कधी पुढे जाऊ दिलं नसतं.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत दशमान घरांची अठरा नावं आहेत : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. त्या नावांनी तुझी संख्या मोठ्याने वाचून बघ. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आणि मग आठ कोटीपासून उतरत एकापर्यंत. सतरा घरं भरली, परार्ध तेवढं रिकामं राहिलं. दहा एकांच्या वर्गाला मात्र एकोणीस घरं लागतात. ज्या पायरीवर तुझी नक्षी मोडली, त्याच पायरीवर लीलावतीतली नावंही अपुरी पडतात. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही काढायचं नाही, पण मला तो सापडला तेव्हा फार बरं वाटलं आणि तुला सांगितल्याशिवाय राहवेना.

या संख्यांना नाव आहे : डेमलो संख्या. ते देणारा माणूस तुझ्यासारखाच शाळामास्तर होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्म, शिक्षण आपल्या फर्ग्युसन कॉलेजात. विद्यार्थी असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. परांजपे म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे, झालेले पहिले भारतीय, पुढे फर्ग्युसनचेच प्राचार्य. कापरेकर बी.एस्सी.च्या पुढे गेले नाहीत. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवत राहिले आणि उरलेल्या वेळात आकडे मांडत राहिले. मुंबईपासून तीस मैलांवर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेवर एक स्टेशन होतं, आता आपण त्याला डोंबिवली म्हणतो. या संख्यांचा अभ्यास करावा हे त्यांना तिथे सुचलं, म्हणून त्यांनी त्या स्टेशनचं नाव, डेमलो, संख्यांना दिलं. लोक ६१७४ मुळे त्यांना ओळखतात, सगळे एकसारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की जिथे येऊन थांबतं ती संख्या. मला मात्र डेमलोचं जास्त अप्रूप आहे. स्टेशनवर गाडीची वाट बघत असलेला एक माणूस एकाच्या ओळी मनात सरकवतो आहे, असं चित्र मी किती वेळा डोळ्यांसमोर आणलं असेल.

त्यांचाच दुसरा शब्द हर्षद. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती हर्षद, हर्ष देणारी. तुझी संख्या हर्षद आहे! अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. एका एकापासून नऊ एकांपर्यंतच्या नऊ पायऱ्यांत हे भाग्य तिघींनाच आहे : १, १२३२१ आणि ही. १२१ च्या अंकांची बेरीज ४, भाग जात नाही. दहाव्या पायरीवर बेरीज ८२, सम, संख्या विषम, विषमाला समाने भाग जाणारच नाही, करून बघायचीही गरज नाही. हातच्याने नक्षी मोडली तसा हर्षही गेला.

आता तुझ्या नऊ एकांच्या संख्येचे अवयव. मी यात पंधरा दिवस घालवले, आई म्हणते देवाची पूजासुद्धा चुकली. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो, येतात ३३३६६७. आता ही ३३३६६७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. त्या १०६ आहेत. मी एकेकीने भागलं. ७ ने भागून बाकी ५, ११ ने ४, १३ ने ९. ३७ ने भागल्यावर बाकी फक्त १ उरली तेव्हा छातीत धस्स झालं होतं. ५७७ ने भागून बाकी १६१. कोणीच भाग घालू शकलं नाही. ३३३६६७ मूळ आहे.

मग अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत एक पुस्तक मिळालं, त्यातून कळलं की १०६ भागाकारांची गरजच नव्हती. तू बी.एस्सी.ला शिकली असशील, फर्माचं छोटं प्रमेय. कोणी मूळ संख्या ३३३६६७ ला भागत असेल तर ती ९९९९९९९९९ लाही भागेल, म्हणजे १० च्या नवव्या घाताला तिने भागलं की बाकी १. नवाच्या आधीच, पहिल्या किंवा तिसऱ्या घाताला, बाकी १ येत असेल तर १००१००१ ला तिने भागून ३ उरतात, म्हणजे ती संख्या ३ च असायला हवी. आणि ३३३६६७ ला ३ ने भाग जात नाही. फर्मा सांगतो की तिच्याहून एक कमी इतक्या घातालाही बाकी १ च. दोन्ही एकत्र ठेवले की त्या एक कमी संख्येला ९ ने भाग जायलाच हवा. मग उरतात १९, ३७, ७३, १०९, १२७ अशा, ५७७ पर्यंत केवळ सतरा. नव्वदेक भागाकार वाया गेले म्हणायला हवेत. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. आधी हातांनी ते सगळे केले नसते तर सतरांवर काम भागतं याचं मोल मला समजलं नसतं. वर्गात तू उलटं करू नकोस. आधी सतरा सांगितलेस तर मुलांना ते फक्त पाठ होईल.

तर १११११११११ च्या वर्गात, म्हणजे तुझ्या संख्येत, ३ चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. ३ न घेता किंवा चारपर्यंत घेऊन पाच प्रकार, ३७ चे तीन, ३३३६६७ चे तीन. एकूण विभाजक ४५. एकाने भागलं की दुसरा मिळतो, अशा बावीस जोड्या लागतात आणि मधला १११११११११ एकटा उरतो, तो स्वतःचाच जोडीदार. विभाजकांची संख्या विषम आहे म्हणजे ती पूर्ण वर्ग आहे, हे त्या एकट्यावरून दिसतं.

आणि आता आठाकडे परत.

१११११११११ ला ९ ने भाग. १२३४५६७९. नीट बघ, सातानंतर एकदम नऊ. इथेही आठ नाही! हा गुणाकार, १२३४५६७९ गुणिले ९, जैन गणिती महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात आहे, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, इ.स. ८५० च्या सुमाराचा ग्रंथ. उत्तरात एकसारखे किंवा दोन्हीकडून सारखे अंक यावेत असे गुणाकार त्यांनी रचले आणि त्यांना गळ्यातल्या हाराची उपमा दिली. त्यातच २७९९४६८१ गुणिले ४४१ असाही एक आहे, उत्तर १२३४५६५४३२१. त्याचं वर्णन त्यांनी काय केलंय? एकापासून सहापर्यंत चढणारे आणि मग क्रमाने उतरणारे अंक. म्हणजे तुझ्या शिडीची सहावी पायरी. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक. साडेअकराशे वर्षांपूर्वी कोणीतरी हीच शिडी चढलं होतं.

१२३४५६७९ मधला आठ कुठे गेला, यावर मी बरेच दिवस अडकलो होतो. मग १ ला ८१ ने भागून पाहिलं. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९०१२३…, असं न थांबता चालतं, आणि प्रत्येक फेरीत आठ नाही. कारण अगदी आपल्या टेबलावरचंच. १ भागिले ९ म्हणजे ०.१११११…, एकांची न संपणारी ओळ. तिला तिनेच गुणलं की १ भागिले ८१. पुन्हा तशाच सरकवलेल्या ओळी, पण आता उजवीकडे अंत नाही. घरांची मोजणी १, २, ३ करत ९, १०, ११ अशी वाढतच जाते. दहाचा हातचा नवावर जातो, नवाचे दहा होतात, त्यांचा हातचा आठावर जातो, आठाचे नऊ होतात. त्या मे महिन्यातल्या दुपारी तुझ्या कागदावर झालं, तेच इथे अखंड चालू असतं.

हे कळल्यावर मी अकरा एक मांडले : १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. डावीकडे ती ०१२ ची फेरी सुरू झालेली दिसते ना? मग वीस एक मांडायला घेतले. चारशे खिळे नव्हते, म्हणून कागदावर आकडेच लिहिले. डावीकडचा अर्धा भाग ८१ च्या भागाकाराचे अंक गिरवत जातो, तिथे आठ नाही. उजवीकडच्या अर्ध्या भागात आठ आहे, पण तिथे दुसरंच घडतं. उजव्या टोकापासून डावीकडे वाचत गेलं तर १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, ०, आणि मग एकदम २, ३, ४… पुन्हा ९, ०, आणि परत २. शेवटच्या टोकाला एकदा आलेला एक त्या बाजूला पुन्हा येतच नाही. का, ते मला आता माहीत आहे. तुला सांगत नाही. वर्गात कोणी विचारलं आणि तुला पटकन आलं नाही, तर त्यांच्याबरोबर मांडून बघ.

आई मेतकूट आणि भाजणीचं पार्सल करते आहे, त्यात एक कापडी पिशवी ठेवली आहे. मुलांच्या हातात शिसं नको म्हणून खिळ्यांऐवजी चिंचोके घेतले आहेत, धुऊन वाळवलेले. फरशीवर खडूने एकोणीस घरं आखायची आणि दहा ओळी मांडायच्या. शंभर मोजले आहेत, दहा जास्त टाकलेत, वर्गात हरवतात म्हणून. कागदाच्या पुडीत आठाचा खिळा आहे, तुझ्या कंपासपेटीतला. तो वेगळा ठेव आणि हाताळलास तर हात धू.

तुझा,
बाबा